तीन वाजताची नोंद

देवाच्या फळीवरची मेणबत्ती वाकली होती. वीज गेली तर हाताशी असावी म्हणून तिथे उभी करून ठेवलेली, वीतभर उंचीची साधी पांढरी मेणबत्ती. सकाळी मी निघाले तेव्हा ती सरळ होती. संध्याकाळी सव्वासहाला तिचं टोक चार बोटं उजवीकडे सरकलं होतं आणि वात फळीकडे तोंड करून होती. वितळल्याची खूण कुठेच नव्हती. एक ओघळसुद्धा नाही. मेण नुसतं मऊ झालं होतं आणि आपल्याच वजनानं खाली आलं होतं.

"आलीस का, प्रोफेसर?" अण्णांनी आतून विचारलं. "वही टेबलावर ठेवलीय बघ."

अण्णा म्हणजे माझे सासरे, मुरलीधर फिरके. रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी वही उघडली. निळ्या शाईत, एकाखाली एक, छापल्यासारखे आकडे. १२ मे. दुपारी बारा वाजता ३३. एक वाजता ३३.५. दोन वाजता ३४. तीन वाजता ३४.५.

मी वहीवरून पुन्हा फळीकडे पाहिलं. तेवढ्यात अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा सदरा छातीवर सुकून कडक झालेला आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा. त्यांनीही मेणबत्तीकडे पाहिलं.

"मेण हल्ली भेसळीचं येतं," ते म्हणाले.

"असेल," मी म्हटलं.

मी मेणबत्ती उचलली आणि स्वयंपाकघराच्या खणात, चमच्यांच्या खाली ठेवून दिली. मग चहा टाकला.

चांगलं मेण साडेचौतीस अंशांना वाकत नाही, आणि भेसळीचंही असं वाकत नाही. त्याला चाळिशी गाठावी लागते.

ही गोष्ट भुसावळची, सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली. तिथल्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी दहाला रस्ते ओस पडतात, नळाचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं आणि घराघरांतून कूलरचा एकच घों-घों आवाज येत राहतो. त्या वर्षी आमच्या कॉलेजच्या विज्ञान मंडळानं एक उपक्रम काढला होता. उन्हाळ्यात घरची वीज निम्म्यावर आणून दाखवायची, आणि ती कशी आणली हे मोजमापासह लिहायचं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. मी ठरवलं, आपल्याच घरात करायचं. गच्चीला चुना लावायचा, वर गोणपाट पसरून पहाटे भिजवायचं, सकाळी आठला दारंखिडक्या बंद करून जाड पडदे ओढायचे ते संध्याकाळी सातलाच उघडायचे. आणि कूलर दुपारी बारा ते पाच बंद. माझं गणित असं होतं की बाहेर पंचेचाळीस असताना आतली खोली पस्तीसच्या वर जाणार नाही.

त्या महिन्यात मी बारावीच्या पेपर तपासणीसाठी रोज बसनं जळगावला जात होते, रविवारसुद्धा. माझे यजमान यशवंत कामासाठी महिनाभर नाशिकला होते. दुपारभर घरात एकटे अण्णा असायचे. तेव्हा दर तासाचं तापमान कोण घेणार, हा प्रश्न त्यांनी मला विचारूच दिला नाही. बाजारात जाऊन जाड पुठ्ठ्याची वही स्वतःच घेऊन आले आणि पट्टीनं रकाने आखायला बसले.

"अण्णा, दुपारची तुमची झोप मोडेल."

"चौतीस वर्षं दुपारी कोण झोपलंय? बरं, हा तुझा थर्मामीटर कुठं टांगायचा ते सांग. भिंतीला टेकवायचा नाही ना?"

"नाही. खोलीच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर."

"आणि पेन्सिल नको. रजिस्टरात पेन्सिल चालत नाही."

त्यांच्या रजिस्टरांची एक हकिगत आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. एका लहानशा स्टेशनवर असताना त्यांच्या हातून सिग्नल द्यायला चार मिनिटं उशीर झाला होता. रात्रपाळीचं कुणी पाहिलं नव्हतं, गाडीनं पुढे तो वेळ भरूनही काढला होता. अण्णांनी तरी रजिस्टरात लिहिलं, विलंब चार मिनिटं, कारण माझी चूक. त्याची त्यांना शिक्षा झाली. हे ते हसत सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "लिहिलं नसतं तर झोप कुठं लागली असती?"

वही आखून झाल्यावर ते आणखी एक वाक्य बोलले. माझ्याकडे न बघता, पट्टी पुसत. "एवढं तरी तुझं होऊ दे."

त्याचा अर्थ मला कळला. लग्न झालं तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. विटांमधून, सिमेंटमधून उष्णता कशी झिरपते यावर. लग्नानंतर वर्षभरात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. अण्णांचं पत्र आलं. त्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "तुझ्या कामाचं मोल मी जाणतो. तरी येऊ शकलीस तर आधार होईल." मी सहा महिन्यांसाठी आले. सासूबाई तीन वर्षं होत्या. पुण्याला परत जायचं राहून गेलं. त्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, अण्णा तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी, तीन मेला, तीन वाजताची नोंद होती ३८. दुसऱ्या दिवशी ३९. मी बराच वेळ ते दोन आकडे बघत उभी राहिले.

"काय झालं? वाचायला चुकतोय का मी?"

"नाही हो. बरोबर वाचताय. पण एवढं येत असेल तर याला काही अर्थ नाही, अण्णा. एकोणचाळीस अंशांत कूलर बंद ठेवा, असं मी लोकांना कुठल्या तोंडानं सांगू? फसलं म्हणायचं."

"दोन दिवसांत कसं फसेल? चुना वाळू दे, स्लॅब थंड होऊ दे."

तिसऱ्या दिवशी ३६.५ आले. चौथ्या दिवशी ३५.५. मला इतका आनंद झाला की मी चप्पल न काढता आत गेले आणि वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. चुन्याचा दुसरा हात मी आदल्या पहाटे दिला होता, त्याचाच हा परिणाम, असं त्यांना समजावून सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते.

"म्हणजे तू बरोबर होतीस," ते म्हणाले.

प्रयोग सुरू होऊन सहा दिवस झाले तेव्हा माझी नणंद पुष्पाताई फैजपूरहून आली. संध्याकाळची वेळ होती. तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं वारा घेतला आणि चालू झाली.

"काय करून राहिली वं मंदा तू? खिडकीत एवढा मोठा कूलर, अन् माझा बाप घामानं निथळतोय! हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?"

"पाचपर्यंतच बंद ठेवायचा असतो, ताई. अण्णाच मी येईपर्यंत लावत नाहीत. आता लावतेच."

"पाचपर्यंत काय राहतं माणसाचं? अण्णा, तुम्ही तरी बोला. वाळून खारीक झाले तुम्ही."

"तू गप गं," अण्णा म्हणाले. "हा प्रयोग आहे. आठवीत नापास झालेल्या माणसानं यात बोलू नये."

"आठवीत मला गोवर आला होता!"

"गोवर परीक्षेनंतर आला होता. माझ्याकडे नोंद आहे."

आम्ही तिघं हसलो. जाताना पुष्पाताईनं दारात माझा दंड धरला. "हसण्यावारी नको नेऊ, बाई. ते तुला नाही म्हणणार नाहीत. आम्हाला म्हणतील, तुला नाही म्हणायचे."

मी हो हो म्हटलं. तिला उष्णतेतलं काही कळत नाही, असंच माझ्या मनात होतं.

त्यानंतर तीन दिवसांनी मेणबत्ती वाकली.

त्या दिवसानंतरच्या आठ दिवसांचा हिशोब मला टाळता येत नाही. मला कळलं नव्हतं, असं म्हणता येत नाही. मी स्वतःला समजावत होते. संध्याकाळी मी घरी यायची तेव्हा कूलर लावायच्या आधी थर्मामीटर स्वतः बघायची आणि त्यात कधी अडतीस असायचे, कधी साडेअडतीस. अण्णांची पाच वाजताची नोंद मात्र ३४. तासाभरात चार अंश कसे चढले? मी उत्तर तयार ठेवलं होतं. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि ती संध्याकाळी आत सोडतो. हे खरंच आहे, पुस्तकात आहे, मी त्याच विषयावर काम केलं होतं. पण चार अंश तासाभरात नाही. तेही मला माहीत होतं.

घरात शिरण्याआधी मी व्हरांड्यातलं विजेचं मीटर बघायची. मग वही. मग अण्णा.

त्यांना समोर बसवून विचारायला हवं होतं. पण काय विचारणार? तुम्ही खोटं लिहिताय का? सुनेनं सासऱ्यांना, आणि तेही या सासऱ्यांना. तो शब्द माझ्या तोंडून निघण्यासारखा नव्हता, हे एक. आणि दुसरं, ते आकडे मला हवे होते. एकवीस दिवसांपैकी बारा झाले, पंधरा झाले, आलेख कागदावर सुरेख उतरत होता. सात वर्षांनी माझ्या हातात माझं असं काहीतरी येत होतं.

एकदाच मी त्या गोष्टीच्या जवळ गेले. अठरा तारखेला. जेवताना त्यांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि ताट बाजूला सारलं.

"अण्णा, दुपारी फार होतं का?"

"छे! कोळशाच्या इंजिनाशेजारी उभं राहून उमेदवारी केलीय मी. तुमची पिढी नाजूक."

"होत असेल तर कूलर लावा. खरंच लावा."

"आणि तुझे आकडे?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मला आता वाटतं, वाटच पाहिली असेल. मग उठून हात धुवायला गेले.

वीस तारखेला पावणेतीनच्या सुमारास तपासणी केंद्राच्या ऑफिसमधला शिपाई मला बोलवायला आला. फोनवर पुष्पाताई होती. तिला धड बोलता येत नव्हतं.

"मंदा, लवकर ये. अण्णा पडले. अंग नुसतं फुफाट्यासारखं लागतंय... मला ओळखत नाहीत गं. कोणती तरी गाडी आली, गाडी आली, म्हणताहेत."

केळीच्या बागेच्या कामासाठी ती भुसावळला आली होती, म्हणून घरी डोकावली. नाहीतर मी सव्वासहाला पोचणार होते.

मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांना ओल्या चादरींत गुंडाळलं होतं, काखेत बर्फाच्या पिशव्या होत्या. कातडी कोरडी होती. घाम येणं बंद झालं होतं. आणलं तेव्हा ताप एकशे सात होता, डॉक्टर म्हणाले. "कुठं होते हे? उन्हात?"

"घरात," पुष्पाताई म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी चादरीचं टोक सरळ केलं. नाशिकहून यशवंत दुसऱ्या दिवशी पहाटे पोचले. त्यांनीही तेच विचारलं, आणि मी म्हटलं, "मी जळगावला होते."

चौथ्या दिवशी अण्णा बोलले. जीभ जड झाली होती, एकेक अक्षर जागेवर बसवून बोलावं तसं बोलत होते. पुष्पाताई उशाशी होती, यशवंत पायाशी, मी खिडकीजवळ.

"गच्ची... वर गेलो. गोण... पाट भिजवायला. माझी... चूक."

"भर दुपारी?" यशवंत म्हणाले. "अण्णा, काय हे!"

"म्हातारा ऐकत नाही ना कुणाचं," पुष्पाताई रडत रडत म्हणाली. मग उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मला माफ कर गं. मी मनात तुला काय काय बोलले."

आमच्याकडे माकडं येतात म्हणून गच्चीच्या दाराला कुलूप असायचं. गोणपाट मी रोज पहाटे भिजवायची आणि कुलूप लावून निघायची. त्या दिवशी किल्ली जळगावला माझ्या पर्समध्ये होती. आणि आता, दवाखान्यात, ती माझ्या काखेतल्या त्याच पर्समध्ये होती. मी पुष्पाताईच्या पाठीवरून हात फिरवला. अण्णा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले.

अण्णा जगले. पण त्या दुपारच्या तापानं मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दुखावला होता, आणि तो भाग पुन्हा बरा होत नाही. ते काठी घेऊन, पाय फाकवून चालू लागले. कपाला हात लावला की चहा बशीत यायचा. अक्षर गेलं. जूनमध्ये एकदा त्यांनी कागद मागून घेतला, ओळभर काही लिहिलं आणि कागद चुरगळून उशीखाली ठेवला. मी तो नंतर उघडून पाहिला. एकही अक्षर लागत नव्हतं.

सांगायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. आधी ते घरी येऊ देत, मग सांगू. मग ते जरा चालू लागू देत. मग यशवंतांचं बढतीचं आटपू दे. सप्टेंबरमध्ये पुण्याला विज्ञान शिक्षकांचं संमेलन होतं. तिथे जाऊन मी तो निबंध वाचला, तीन वाजताच्या नोंदींसकट. माझे जुने मार्गदर्शक भेटायला आले. म्हणाले, "मला वाटलं होतं तू हे सगळं सोडलंस." मी बसमध्ये परतीच्या वाटेवर पुन्हा ठरवलं, आता घरी गेल्यावर सांगायचं. घरी अण्णा दारात काठी धरून उभे होते. "वा... चलास?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका उजळला, की ते ठरवलेलं आणखी पुढे गेलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी विज्ञान मंडळाचे प्रमुख सरोदे सर घरी आले. मोठ्या आवाजाचा, मनमोकळा माणूस. यशवंत घरीच होते. अण्णा खुर्चीत बसले होते. सरांनी पिशवीतून एक लांबट कागद काढला.

"फिरके मॅडम, तुमच्या प्रयोगाचं पत्रक. छापायला टाकायच्या आधी दाखवावं म्हटलं. आठ हजार प्रती! तालुक्यातल्या सगळ्या शाळांतून घरोघरी जाणार, मार्चच्या आत." चष्मा सावरून ते वाचू लागले. "दुपारी बारा ते पाच कूलर बंद ठेवा. गच्चीला चुना, खिडक्यांना पडदे. घर पस्तीस अंशांच्या वर जात नाही. घरातल्या वृद्धांनाही त्रास होत नाही. हा प्रयोग एकाहत्तर वर्षांच्या निरीक्षकांनी स्वतः त्या खोलीत बसून केला आहे." त्यांनी वर पाहिलं. "हे वाक्य माझं. कसं वाटतं?"

"छान आहे," यशवंत म्हणाले. "पण अण्णा आजारी पडले ना त्याच वेळी?"

"अहो, ते गच्चीवर उन्हात गेले म्हणून. खोलीचा काय दोष?" सर अण्णांकडे वळले. "स्टेशन मास्तर, खाली तुमची सही हवी. निरीक्षक म्हणून. लोकांचा विश्वास बसतो."

अण्णांनी हात पुढे केला. पेन त्यांच्या बोटांत थरथरू लागलं. यशवंतांनी त्यांचं मनगट धरलं, सरांनी कागदाखाली पाटी दिली. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीतली घरं येत होती. खाचणेंच्या आजी, पलीकडे पोस्टातून निवृत्त झालेले महाजन, दुपारी एकटेच असणारे. सुना नोकरीला. नातवंडांनी शाळेतून आणलेला कागद भिंतीला लावलेला, आणि कूलरच्या बटणापर्यंत जाऊन मागे आलेला हात.

कागदावर एक तिरकी रेघ उमटली होती. अण्णांनी पेन पुन्हा टेकवलं.

"सर, हे छापायचं नाही," मी म्हटलं.

"का? काही चुकलंय का?"

"मं... दा," अण्णा म्हणाले. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नव्हती. "नको."

यशवंतांनी त्यांचं मनगट सोडलं. "काय झालं? काय नको, अण्णा?"

"तीन वाजताचे आकडे खरे नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा, सपाट ऐकू येत होता. "खोली चाळीसच्या वर जात होती. अण्णा गच्चीवर गेलेच नव्हते, गच्चीची किल्ली माझ्याकडे होती. ते या खोलीत पडले. आकडे त्यांनी माझ्यासाठी कमी लिहिले. आणि मला ते बारा तारखेपासून माहीत होतं. ते पडायच्या आठ दिवस आधीपासून."